यहूदाच्या खुर्चीतला नत्थू

आमच्या चर्चच्या दारावर एक निळी पाटी आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलंय, ‘येथे सर्वांचे स्वागत आहे’. ही पाटी मधुकररावांनी रंगवून घेतली. ते मंडळीचे सेक्रेटरी. नुसती पाटी लावून थांबले नाहीत. दर रविवारी उपासनेच्या आधी ते स्वतः तिच्याखाली उभे राहत. त्यांच्या स्वागताच्या तऱ्हा होत्या आणि त्या बघायला मी मुद्दाम लवकर जाऊन बसत असे.

डॉक्टर किंवा इंजिनियर आला, की मधुकरराव त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेत आणि पहिल्या बाकापर्यंत सोडत नसत. रेल्वेतला बाबू आला, की एका हातात भागवत. चपराशी आला, की चार बोटं पुढं करत, अंगठा स्वतःजवळच ठेवत. आणि नत्थू आला, की छातीशी हात जोडून, मान लववून, चार हात मागं सरकून म्हणत, “नमस्कार, नमस्कार! या, प्रभूचं घर आहे.” नवख्या माणसाला वाटे, हा कोण साधुपुरुष आला! खरी गोष्ट एवढीच, की नत्थूला महारोग होऊन गेला होता.

होऊन गेला होता. डॉक्टरांनी तसं मंडळीसमोर येऊन सांगितलंही होतं. आमच्या सगळ्यांचा डॉक्टरांवर पूर्ण विश्वास होता. फक्त हात मागे राहिला.

नत्थू नरखेडकडचा. कुणाच्या तरी संत्र्याच्या बागेत पाणी सोडायचं काम करायचा. अंगावर चट्टे उठले तेव्हा भावानं त्याला घरातून गोठ्यात नेऊन ठेवलं, आणि मग बैलांची काळजी वाटली म्हणून गोठ्यातूनही काढलं. मिशनच्या कुठल्याशा दवाखान्यात तो काही वर्षं राहिला, बरा झाला, तिथंच त्यानं बाप्तिस्मा घेतला. तिथल्या पाद्र्यानं नाव विचारलं, यानं नत्थू सांगितलं. पाद्र्याला आयतंच सापडलं. त्यानं नथनिएल करून टाकलं. आमच्या मंडळीत मात्र तो नत्थूच राहिला. नथनिएल म्हणायला निदान पँट लागते.

हात त्याचे शाबूत होते. जे काय झालं ते पायांना. डाव्या पायाची दोन बोटं गेली होती, उजव्याचं एक, आणि दोन्ही तळवे बधिर. दवाखान्यात करून दिलेल्या जाड, मऊ चपला घालून तो चाले, जरा बदकासारखा. वेताच्या खुर्च्या विणायचं काम तो तिथंच शिकला. चौसष्ट साली नागपुरात आला, गड्डीगोदामात एक खोली घेतली, सायकलच्या कॅरिअरला वेताची वेटोळी बांधून सिव्हिल लाइन्सच्या बंगल्याबंगल्यातून फिरू लागला. साहेब लोकांच्या खुर्च्या तळाशी फाटतच असतात, त्यामुळे पोटापुरतं मिळे.

मंडळीनं त्याला मोठ्या प्रेमानं आपला म्हटलं. शेवटच्या बाकाचं दाराकडचं टोक दिलं. तिथं वारा चांगला येतो. उपासनेनंतर चहा असे, त्यात त्याच्यासाठी कान तुटलेला एक कप कोनाड्यात वेगळा ठेवला. हरवू नये म्हणून. प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षारसाचा पेला एकच, ओठोओठी फिरणारा, तेव्हा त्याला रांगेत सगळ्यात शेवटी उभं केलं. घाई नको म्हणून. आमच्या इथं कुणी कुणाचा अपमान करत नाही. आम्ही फक्त सोय बघतो.

आता गुरुवारचं सांगतो.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आमच्याकडे पाय धुण्याचा विधी असतो. प्रभूनं आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. वेदीपुढं बारा खुर्च्या मांडायच्या, त्यांत मंडळीतले बारा पुरुष बसवायचे, आणि पाळकसाहेबांनी कमरेला टॉवेल बांधून, पितळी घंगाळ सरकवत सरकवत, एकेकाचे पाय धुवायचे. त्या बारा खुर्च्यांचीही गंमत आहे. छप्पन साली नागपूरची राजधानी गेली, कचेऱ्या गेल्या, तेव्हा सामानाचे लिलाव झाले. मधुकरराव तिथं हेडक्लार्क होते. साहेब गेले, मान गेला, सलाम गेले. निदान खुर्च्या तरी जाऊ नयेत म्हणून त्यांनी मंडळीसाठी बारा वेताच्या खुर्च्या उचलल्या. त्यातली पहिली ते स्वतःचीच समजत.

कारण प्रत्येक खुर्चीला एका शिष्याचं नाव होतं. पहिली पेत्राची, शिष्यांतल्या मुख्याची, ती मधुकररावांची. दुसरी योहानाची, ती महादेवराव ठेकेदारांची. मग याकोब, अंद्रिया, थोमा, मत्तय, असं करत खाली. प्रभूचे शिष्य मासे धरणारे. आमच्या शिष्यांत स्कूटरच्या खालचा एक नव्हता. ती जागा मिळावी म्हणून लोक वर्षभर पाळकसाहेबांना घरी जेवायला बोलवत. आणि पाय धुवून घ्यायला जाणारे हे शिष्य पाय घरून धुऊन जात, हे आणखी विशेष. मधुकररावांची आणि आमची भिंत एक. त्या आठवड्यात संध्याकाळी मोरीतून त्यांच्या बायकोचा, प्रेमिलाबाईंचा, आवाज हमखास येई.

“पाय आखडू नका, अहो! हा टाचेवरचा थर कधीचा आहे? इंग्रज गेले तेव्हाचा?”

“हळू गं! वजरी आहे का कानस? पाळकसाहेबांना धुवायला काही शिल्लक ठेवशील की नाही?”

“त्यांच्यासाठी पाणी ठेवलं आहे तिथं. घरचा मळ घरात राहू द्या.”

मग वर पावडर. ती संध्याकाळी घंगाळात उतरे, आणि पाचव्यासहाव्या शिष्यापर्यंत पाणी ताकासारखं दिसे.

तर अकरा खुर्च्यांसाठी ही ओढाताण, आणि बारावीत कुणी बसायला तयार नाही. कारण बारावी यहूदाची. ज्यानं प्रभूला धरून दिलं त्याची. तिच्यात बसलो तर लोक काय म्हणतील! आमच्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनी यावर मोठा ख्रिस्ती उपाय काढला होता. त्या वर्षी मंडळीत जो नवीन आला असेल त्याला म्हणायचं, “भाऊ, तुम्ही आमचे पाहुणे, तुम्हाला पुढं बसवायचं आहे.” तो बिचारा खूश. एका वर्षी कामठीच्या छावणीतला एक सुभेदार बसला. छाती काढून, मिशा पिळून, फोटोग्राफर घेऊन आला. ईस्टरच्या सकाळी कुणीतरी त्याला खुर्चीचं नाव सांगितलं. तो परत आमच्याकडे आला नाही. फोटो मात्र अजून मंडळीच्या ऑफिसात आहे.

चौसष्ट साली नवा असा एकटा नत्थूच होता. पंचांची बैठक बसली.

महादेवराव म्हणाले, “पण त्याचे पाय, मधुकरराव...”

“पाय शेवटचे आहेत,” मधुकरराव म्हणाले. ऑफिसात फाईल कशी निकालात काढायची हे त्यांना माहीत होतं. “घंगाळ पेत्रापासून निघतं. बाराव्यानंतर ते पाणी कुणाला लागणार आहे? बाहेर लिंबाला ओतायचं.”

“लिंबाला चालेल?”

“न चालायला काय झालं? लिंब काही मंडळीचा सभासद नाही.”

ठरलं. गुरुवारी नत्थू धुतलेला सदरा घालून आला आणि बाराव्या खुर्चीत अगदी कडेला, परक्याच्या घरी बसावं तसा बसला. आमचे पाळक आमोस साहेब तेव्हा नवेच होते. स्वभावानं इतके भित्रे, की खिडकी उघडायची तरी पंचांना विचारत. घंगाळ सरकत सरकत शेवटी पोचलं. त्या पायांवर साहेबांची नजर पडली, हात पाण्यावर क्षणभर थांबला. मग त्यांनी तो पाय उचलला, पाण्यात घेतला, बोटं होती तिथून आणि नव्हती तिथून सारखाच हात फिरवला, आणि टॉवेलनं पुसला. नत्थू कमरेत पार वाकून खाली बघत होता. बायकांच्या बाजूला कुजबुज झाली, किती लीन होऊन प्रार्थना करतो आहे बघा!

ईस्टरच्या चहाला प्रेमिलाबाईंना राहवलं नाही. कान तुटलेल्या कपात वरून चहा ओतताना त्या म्हणाल्या, “काय गा नत्थू, गुरुवारी कोणाच्या खुर्चीत बसला होतास, माहीत आहे का तुला?”

आम्ही सगळे कान देऊन. सुभेदाराचं झालं ते आता याचं होणार, एवढीच उत्सुकता.

“हाव न बाई,” नत्थू म्हणाला. “यहूदाची हाये ते. पेत्रापासून मोजत आलो न मी, तवाच समजलं.”

“आणि तरी बसलास? काहून?”

“प्रभूनं त्याचेबी पाय धुतले न, बाई. त्याले काय उठवून देल्लं होतं?” आणि चहाचा घोट घेऊन म्हणाला, “चाय मस्त झाली.”

प्रेमिलाबाई किटली घेऊन दुसरीकडे गेल्या.

पुढल्या वर्षी गुरुवार जवळ आला तसा नत्थू आपण होऊन मधुकररावांच्या दारात. चार हात अंतर त्यानं स्वतःच मोजून ठेवलं आणि विचारलं, “साहेब, माही खुर्ची हाये न यंदा?” मधुकररावांनी सुटकेचा श्वास सोडला. दरवर्षी नवा बकरा शोधायची कटकट गेली. तेव्हापासून बारावी खुर्ची नत्थूची झाली. सगळ्या बारांचं विणकामही तोच करी. आम्ही म्हणत असू, नत्थू काय, समाधानी माणूस आहे, त्याला काही लागत नाही. असं म्हटलं की पुढचं काही द्यावं लागत नाही.

त्याला काय लागत होतं ते मला एकदा कळलं. माझ्या पडवीत बसून तो माझी आरामखुर्ची विणत होता. मी आपलं खोचकपणे विचारलं, “काय नत्थू, गुरुवारी पाय धुताना गुदगुल्या होतात का रे?”

“मले समजतच नाई, मास्तर,” तो म्हणाला. “पाणी गरम हाये का थंड हाये, साहेबाचा हात लागला का नाई लागला, काईच नाई. काटा रुतला तरी समजत नाई; रोज सांजेले कंदिलापुढं पाय घेऊन पाहा लागते, कुठं फाटलं काय म्हणून. दवाखान्यातून निघालो तवापासून मीच पाहून राह्यलो आपले पाय. दुसरं कोणी पाहत नाई.” त्यानं वेत ओला करून ओढला. “त्या एका दिवशी दुसरा माणूस हात लावते. समजत नाई, म्हणून मी वाकून पाहतो. पाह्यलं म्हणजे समजते.”

म्हणजे ती प्रार्थना नव्हती. वर्षातून एकदा कुणीतरी त्याला हात लावत होतं आणि ते तो डोळ्यांनी साठवून घेत होता. मी हे प्रेमिलाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “तरीच!” आणि संध्याकाळपर्यंत ही गोष्ट साऱ्या मंडळीत झाली. सगळ्यांना फार वाईट वाटलं. कप तिथंच राहिला.

अशी वर्षं गेली. मग शहात्तर सालच्या गुरुवारी जबलपूरहून एक पाहुणे उपदेशक आले. भला मोठा आवाज, डोळ्यांत पाणी आणायची तालीम केलेली. त्यांना कुणीतरी नत्थूचं यहूदाबद्दलचं ते उत्तर सांगितलं. झालं! मंचावरून हात पसरून गर्जले, “या मंडळीतला खरा शिष्य मला पहिल्या खुर्चीत दिसला नाही! तो मला बाराव्या खुर्चीत दिसला! ज्याला प्रभूजवळ बसायचं आहे त्यानं बारावी खुर्ची मागावी!” बायका रडल्या. पुरुषांनी चष्मे पुसले. नत्थू मागं वळून पाहत होता, हे कुणाबद्दल चाललं आहे म्हणून.

उपदेशाचा परिणाम होत नाही असं म्हणणाऱ्यांनी पुढल्या वर्षीची आमची पंचांची बैठक बघायला हवी होती. सत्त्याहत्तर साल. आणीबाणी उठली होती, निवडणुका झाल्या होत्या, देशभर मोठमोठ्यांच्या खुर्च्या गेल्या होत्या. आमच्याकडे मधुकरराव उठले आणि कातर आवाजात म्हणाले, “बंधूंनो, मी पेत्राच्या खुर्चीचा राजीनामा देतो. मी पापी माणूस आहे. मला यहूदाची खुर्ची द्या.”

महादेवराव ठेकेदार ताडकन उठले. “पापी? तुम्ही? मधुकरराव, तुमचं पाप ते काय? सरकारी टाचण्या घरी नेल्या असतील! मी ठेकेदार आहे. सिमेंटमध्ये वाळू किती घातली ते मला माहीत आहे आणि देवाला. खुर्ची माझी.”

“वाळूची कसली प्रौढी सांगता? माझ्या मनात काय काय येऊन गेलं आहे, ते बोललो तर ही बैठक उठून जाईल!”

“मनातलं धरायचं नाही. आम्ही हातांनी केलं आहे.”

“केलं आहे तर पूल अजून उभा कसा?”

“कोणता पूल? बघायला जा तरी!”

असा तासभर दोघांचा पापांचा सामना चालला. बाकीच्यांनीही आपापली किरकोळ पापं मधे घालून पाहिली, पण या दोघांपुढं टिकेना. शेवटी सेवाज्येष्ठतेवर निकाल लागला आणि बारावी खुर्ची मधुकररावांना मिळाली.

आमोस साहेब कोपऱ्यातून हळूच म्हणाले, “मग नत्थूला कुठं बसवायचं? पेत्राची जागा मोकळी झाली आहे...”

महादेवराव म्हणाले, “पेत्राची म्हणजे पहिली.”

“हो.”

“म्हणजे घंगाळ त्याच्यापासून निघणार.”

पुढचं बोलायला लागलंच नाही. अकरा जोड पाय त्या पाण्यातून जायचे होते. मधली एखादी खुर्ची द्यावी म्हटलं, तर तिच्यापुढच्या सगळ्यांचा प्रश्न. पेत्राची खुर्ची वीज मंडळातल्या एका नव्या इंजिनियरला दिली. आणि मधुकरराव स्वतः नत्थूकडे गेले, चार हातांवरून म्हणाले, “नत्थू, इतकी वर्षं तू सेवा केलीस. आता तुला आराम. यंदा तू गेटापाशी बसायचं, लोकांच्या चपला सांभाळायच्या. विश्वासाचं काम आहे.”

नत्थू त्या वेळी नेमकी बारावीच खुर्ची विणत बसला होता. बाकी अकरांना साधी वीण, हिला मात्र त्यानं आठकोनी नक्षीची घातली होती. आपली म्हणून.

“साहेब,” तो म्हणाला, “मंग माहे पाय?”

“म्हणजे?”

“नाई, मंग कोण पाहीन... वर्षभर...” त्याला ते नीट सांगता येईना. मधुकररावांना घाई होती. ते म्हणाले, “पाय घरी धू ना रे! आम्ही पण घरीच धुतो.” आयुष्यात हे एक वाक्य ते खरं बोलले.

गुरुवार आला. एप्रिल महिना, संध्याकाळीही भिंतींतून आग येत होती. नत्थू तोच धुतलेला सदरा घालून गेटापाशी चपलांच्या ढिगाजवळ बसला. दार सताड उघडं होतं. त्याला आतलं दिसत होतं आणि आम्हाला तो.

मधुकरराव आत आले, तर महादेवराव आधीच बाराव्या खुर्चीत. डोळे मिटलेले, हात जोडलेले.

“महादेवराव, उठा.”

“मी प्रार्थनेत आहे.”

“बोलता आहात की!”

“प्रार्थनेतच बोलतो आहे.”

“बैठकीत ठरलं आहे. ही खुर्ची माझी आहे.”

“पापाला बैठक लागत नाही, मधुकरराव.”

मधुकररावांनी जास्त वाद केला नाही. कचेरीत मुरलेला माणूस. उरलेल्या अर्ध्या खुर्चीवर ते बसले. महादेवराव इकडून रेटत, मधुकरराव तिकडून. चेहरे दोघांचेही अत्यंत नम्र. मग कडाड् आवाज झाला आणि मंडळीतले दोन सर्वांत मोठे पापी वेदीपुढं फरशीवर आडवे झाले. पेटीवाल्यानं घाबरून सवयीप्रमाणे एक गीत सुरू केलं, ते नेमकं लग्नाचं निघालं.

कुणी हसायच्या आत नत्थू आला. गेटापासून सरळ, आपल्या बदकासारख्या चालीनं, आणि त्या दोघांकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

“सरका न भाऊ, वेत दबून राह्यला.” त्यानं खुर्ची त्यांच्या खालून काढून घेतली, उलटी केली, नक्षीवरून हात फिरवला. “विणाई शाबूत हाये. पाय मोडला फक्त.” आणि तिथंच, रांगेच्या टोकाला, फरशीवर मांडी घालून, खिशातली सुतळी काढून तो पाय बांधायला बसला.

तेवढ्यात आमोस साहेब घंगाळ घेऊन आले. पाणी स्वच्छ, नुकतं भरलेलं. त्यांनी रांगेकडे पाहिलं. पलीकडच्या टोकाला इंजिनियरनं पँट दुमडून पाय पुढं काढून ठेवले होते. अलीकडच्या टोकाला नत्थू, मांडीवर मोडकी खुर्ची. मग घंगाळ त्यांनी नत्थूपुढं ठेवलं.

“साहेब, तिकडून,” मधुकरराव कपडे झटकत म्हणाले. “पेत्र तिकडं आहे.”

“आज इकडून सुरू करू,” आमोस साहेब म्हणाले. “माझी कंबर धरली आहे. हे जवळ पडतं.”

सांगितलं ना, भित्रा माणूस. पण त्या दिवशी त्या भित्र्या माणसाला दुसरं कारण सुचलं नाही आणि माघारही घ्यावीशी वाटली नाही.

“साहेब, खुर्ची बांधून होऊ द्या न,” नत्थू म्हणाला.

“खुर्ची राहू दे. पाय दे.”

नत्थूनं पाय दिला आणि कमरेत वाकला. इतकी वर्षं त्याच्यापर्यंत अकरा जणांची पावडर यायची. त्याला पाण्यात स्वतःचा पाय कधी दिसला नव्हता. आज तळ दिसत होता. साहेबांचा हात दिसत होता.

“पाणी साफ हाये आज,” तो म्हणाला. हळूच म्हणाला, पण बायकांच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

आणि मग आमोस साहेबांनी घंगाळ पुढच्याकडे सरकवलं.

प्रभूला धरलं तेव्हा त्याच्या शिष्यांची जी पांगापांग त्या बागेत त्या रात्री झाली असेल, ती मी पाहिलेली नाही. आमच्या शिष्यांची मात्र पाहिली. थोमाला एकाएकी खोकला आला. मत्तयाला घरी कुलर चालू राहिल्याची आठवण झाली. इंजिनियर पेत्रानं पँट सरळ केली आणि, मूळ पेत्रानं प्रभूला नाकारलं तसं, कोंबडा आरवायच्या आधीच स्कूटरला किक मारली. महादेवराव म्हणाले, “मी इतका पापी, माझी योग्यताच नाही,” आणि चपला शोधायला लागले. त्या सांभाळायला आता कुणी नव्हतं. राहिले तिघे-चौघे, तेही उठायला लाजले म्हणून.

मधुकरराव मधोमध उभे. पेत्राची खुर्ची सोडलेली, यहूदाची मोडलेली. साठीचा माणूस, पांढरे पाय, गोरेमोरे तोंड. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना.

नत्थूनं मान वर केली. “मधुकरराव, उभे काहून? या न, बसा. जागा हाये.” आणि शेजारच्या फरशीवर त्यानं तळहात थोपटला.

त्या चर्चमध्ये इतकी वर्षं स्वागत बघत आलो. पाटीविना झालेलं हे पहिलंच.

मधुकरराव दाराकडे बघत होते. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला, “बसा आता! चार दिवस वजरीनं घासले ते पाय काय तसेच घरी आणता?”

मधुकरराव बसले. गुडघे वाजले ते मला ऐकू आले. आमोस साहेबांनी त्यांचे पाय उचलून त्या पाण्यात ठेवले, नत्थूच्या पाण्यात, आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले, दात काढताना मिटतात तसे.

“थंड आहे,” ते पुटपुटले.

“हाव का?” नत्थू एकदम त्यांच्याकडे वळला. “थंड हाये का? सांगा न, मले समजत नाई.”

मधुकररावांनी डोळे उघडले. सांगायचं की नाही असं क्षणभर झालं. मग म्हणाले, “थंड आहे. माठातलं असावं.”

“माठातलं!” नत्थू म्हणाला. इतकी वर्षं त्याच्या पायांना काय लागत होतं ते त्याला आज कळलं होतं. “मंग चांगलं वाटत असन.”

“चांगलं वाटतं,” मधुकरराव म्हणाले.

आता तुम्हाला वाटेल, त्या दिवसापासून सगळं पालटलं. आमची मंडळी तुम्ही पाहिलेली नाही. पुढच्याच बैठकीत ठराव झाला, की घंगाळात पाय बुडवायची जुनी पद्धत बंद. यापुढं प्रत्येकाच्या पायावर लोट्यानं ताजं पाणी ओतायचं, आरोग्याच्या दृष्टीनं. महादेवरावांनी ठराव मांडला. एका गोष्टीवर मात्र कुणी ब्र काढला नाही: बारावी खुर्ची पुन्हा नत्थूला. सुतळीवर उभी, आठकोनी नक्षीची. तो गेला त्या वर्षापर्यंत तीत तोच बसला, आणि लोट्याचं पाणी पायावर पडलं की शेजारच्याला विचारी, “कसं हाये?” आणि शेजारच्याला सांगावं लागे.

आणि त्याच वर्षी ईस्टरच्या सकाळी काय झालं तेही सांगून टाकतो. आम्ही सगळे नेहमीपेक्षा लवकर येऊन पाटीजवळ घोटाळत होतो. नत्थू सायकल लावून पायऱ्या चढला. मधुकररावांचा उजवा हात खिशातून निघाला, हवेत थोडा पुढं आला. तिथं डाव्या हातानं त्याला गाठलं, आणि नमस्कार झाला.

पण मी नीट पाहिलं. चार हातांवरून व्हायचा तो दोन हातांवरून झाला. आमच्या मंडळीत याला आत्मिक जागृती म्हणतात.